पंपात उरलेले औषध

गेल्या वर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी, परतवाड्याजवळच्या एका शेतात भाताच्या वाफ्यांवर सोयाबीनचे तणनाशक फवारले गेले. फवारणाऱ्याला ते गवत वाटले. हे औषध सोयाबीनला काही करत नाही, फक्त गवत मारते. भात हे गवतच आहे.

त्या वाफ्यांत मेळघाटातल्या गावांतून जमवलेले डोंगरउताराचे धान होते. त्याला बांधात पाणी साठवावे लागत नाही, रोपेही लावावी लागत नाहीत. उतारावर नांगरून बी फेकायचे, बाकीचे पावसावर. सोयाबीन डोंगरात चढले तसे हे धान एकेका घरातून गेले. माझी पत्नी अकोल्याला बियाणे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. निवृत्तीनंतर आम्ही अमरावतीला आलो आणि तिने हे वाण जमवायला घेतले. शेजारी शेजारी पेरून पाहायचे, कोणते लवकर निसवून लोंब्या धरते, पावसाने ओढ दिली तर कोणते तग धरते, कोणते किती उतरते. जे खते-औषधांवाचून टिकते ते पुन्हा त्याच गावांत द्यायचे. जागा तिच्या मावसभावाची. त्याचे बाकी शेत काळे, पण नाल्यापासून रस्त्यापर्यंतचा एक लांबट पट्टा मुरमाड होता. तेथे कापूस धड येत नसे. तो पट्टा त्याने दिला. मी तोवर वर्तमानपत्राच्या नोकरीतून मोकळा झालो होतो. गाडी चालवणे आणि खुंट्यांना पाट्या बांधणे माझ्याकडे होते.

बहुतेक वाणांचे बी मूळ घरांत शिल्लक होते. एकाचे असेल की नाही, सांगता येत नव्हते. ते घाटापलीकडच्या गावातल्या एका कोरकू म्हातारीचे. काळसर टरफल, लांब कुसळ, शिजल्यावर फिकट लाल भात. घरात त्याला वेगळे नाव नव्हते, 'आपलं धान' म्हणत. आसपासच्या गावांत विचारून पाहिले, दुसऱ्या कोणाकडे ते सापडले नाही.

मे महिन्यात आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा चुलीवरच्या आढ्याला पळसाच्या पानांचे एक पुडके धुरात टांगलेले होते. आदल्या वर्षी नवरा अंथरुणावर होता, पेरणी झाली नव्हती. तो वारला. कोरकू रीतीप्रमाणे त्याच्या नावाचा कोरीव लाकडी खांब उभा करायचे बाकी होते. त्या दिवशी शिजवायचा भात याच धानाचा हवा, असे तिचे म्हणणे.

"जनमभर हेच खाल्लं त्यानं," ती म्हणाली. "रेशनचा तांदूळ ठेवला तं वळखन का थो?"

मुलाने उताराचा तुकडा सोयाबीनला घेतला होता. तिने पुडके सोडले, बहुतेक बी माझ्या पत्नीच्या पिशवीत ओतले, थोडे परत बांधले.

"पिकवून आन बाई. मंग खांब."

उरलेल्याचे काय, असे पत्नीने विचारले. म्हातारी म्हणाली, पोराने कोपरा दिला तर पेरीन. नाही तर पेरण्या उरकल्यावर सण येतो, त्या दिवशी शिजवीन. पेरून उरलेले बी सणाला शिजवून संपवायचे, पुढच्या सालाला ठेवायचे नाही, ही त्या घराची रीत होती. आदल्या वर्षी घरात दुखणे होते म्हणून सण पाळला गेला नाही, एवढ्यानेच ते पुडके टिकले होते.

अमरावतीला पत्नीने त्यातले काही दाणे ओल्या कागदात गुंडाळून उगवण पाहिली. निम्म्याहून कमी उगवले. बी आणखी एक वर्ष ठेवण्याजोगे राहिले नव्हते. तिने सगळे पेरले. प्रत्येक वाण तीन ठिकाणी: नाल्याच्या टोकाला, मध्ये आणि रस्त्याच्या टोकाला, कारण जमीन सगळीकडे एकसारखी नसते. कोणत्या टोकाला कोणता वाण कितवा, हे चिठ्ठ्या टाकून ठरले. चिठ्ठ्या आमच्या स्वयंपाकघरात पोळ्यांच्या डब्याच्या झाकणात टाकल्या होत्या. उचलल्या मी. रस्त्याच्या टोकाला म्हातारीचे धान शेवटून दुसऱ्या वाफ्यात आले.

मावसभावाच्या सोयाबीनवर फवारणी होती त्या दिवशी तो कामासाठी अमरावतीला गेला होता. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, तुमच्या वाफ्यात औषध गेलं वाटते."

पत्नीने विचारले, "कोणतं?"

त्याने नाव सांगितले. तिने फोन माझ्याकडे दिला आणि गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात पोचलो तेव्हा वाफे हिरवेगार होते. पाने ताठ होती, त्यांवर दव होते. मावसभाऊ म्हणाला, "काही झालं नाई, भाऊजी. पाहा नं, कसं डोलून रायलं." हे औषध पानातून आत जाते आणि खाली कोंबाशी बसते, हे पत्नी जाणून होती. पाने आठवडाभर हिरवीच राहतात. मग मधले पान ओढले की अलगद हातात येते आणि त्याचे बूड कुजून तपकिरी झालेले असते. त्याआधी काही दिसत नाही. ओढून पाहावे तर जिवंत रोपही त्याने मरू शकते. फवारल्यानंतर तासाभरात पाऊस आला असता तर पुष्कळ औषध धुऊन गेले असते. त्या दिवशी पाऊस आला नव्हता.

फवारणारा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा होता. चाळिशीचा, हंगामात गावातल्या निम्म्या शेतांची फवारणी करणारा. पंप पाठीवरच होता.

"पंपात उरलं होतं," तो म्हणाला. "पंप रिकामा करूनच घरी जातो मी."

यात खोटे काही नव्हते. त्या भागात उरलेले औषध कोणी घरी नेत नाही, घरी लेकरे असतात, गुरे असतात. नाल्यातही ओतत नाहीत. धुऱ्यावरच्या गवतावर मारून पंप रिकामा करतात आणि मग जातात.

"धुऱ्यावर मारतात नं बाप्पा," मावसभाऊ म्हणाला. "आत काहून घुसला?"

"पाटील, धुऱ्याच्यापेक्षा आतच जास्त होतं. एवढं माजलेलं गवत यंदा कोनाच्या वावरात पायलं नाई म्या. म्हटलं, पाटलावर उपकार करून द्यावा."

"पाट्या नाई दिसल्या?"

"दिसल्या. वाटलं, कंपनीवाल्याइच्या असन. थे लावून जातात अन् मंग फिरकतच नाईत."

पत्नीने विचारले, "कोणत्या टोकाकडून सुरू केलं?"

"नाल्याकडून."

"आणि संपलं कुठं?"

"चालता चालता हवा निघाले लागली, मंग बंद केलं."

"जागा दाखवता येईल?"

त्याने पट्ट्याकडे पाहिले. वाफे सारखेच हिरवे होते. "आता जागा का ध्यानात राहते, बाई?"

पंपात पाणी घालून धुतले होते का, असे तिने शेवटी विचारले. धुतले असेल तर औषध पातळ झाले असेल. तो म्हणाला, धुतलं होतं. मावसभावाने लगेच आमच्याकडे पाहिले. पत्नी तेवढ्यावर थांबली नाही. तिने पुन्हा तोच प्रश्न केला. तो पुन्हा म्हणाला, धुतलं होतं, पण या वेळी पंपाच्या पट्ट्याशी चाळा करत.

आम्ही अमरावतीला न परतता मावसभावाकडेच राहिलो. पत्नी सकाळी शेतात जाई, पट्ट्याच्या कडेने नाल्यापासून रस्त्यापर्यंत चाले आणि परत येई. हात पाठीमागे बांधलेले असत. कोणालाही पानाला हात लावू देत नसे. मावसभावाची बायको ताट वाढी, ती भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवी. वाफ्यांत कोणताही फरक दिसत नव्हता. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो की नाल्याच्या टोकाचा रंग थोडा उतरल्यासारखा वाटतो. ती म्हणाली, "ऊन पडलंय म्हणून." दुपारी ढग आले. ती पुन्हा गेली. परत आल्यावर रंगाबद्दल बोलली नाही.

म्हातारीच्या मुलाचा फोन लागत नव्हता. त्या गावात रेंज टेकडीवर चढल्याशिवाय येत नाही. घरच्या पुडक्यातले बी पेरले गेले का, आणि नसेल तर शिजवले गेले का, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. सण कोणत्या दिवशी करायचा हे गाव आपले आपण ठरवते. शनिवारी सकाळी आम्ही निघालो.

घाटात ढग उतरले होते. पुढचे वळण दिसत नव्हते. एका ठिकाणी झाड आडवे पडले होते आणि ते तोडेपर्यंत जीपगाड्यांच्या मागे थांबावे लागले. पत्नी गाडीतून उतरली नाही. पुढच्या जीपवाल्याने येऊन विचारले, "कुठं चालले, साहेब?" मी गावाचे नाव सांगितले. तो म्हणाला, "तिकडं तं सन होता नं. झाला का व्हायचा, मले नाई मालूम." पत्नीने काच वर केली.

गावात शिरताना अंगणे ताजी सारवलेली दिसली. सण व्हायचा असला तरी सारवतात, होऊन गेला असला तरी तसेच दिसते.

म्हातारी दारातच बसली होती. आम्हाला पाहून उठली.

"बरोब्बर आल्या, बाई. काल सन झाला."

घरात अंधार होता. नजर सरावल्यावर चुलीवरचे आढे दिसले. दोरी लोंबत होती. पुडके नव्हते.

"पोरानं कोपरा नाई देला," म्हातारी सांगू लागली. "सोयाबीन, सोयाबीन. आता सोयाबीनची पेज पेईन म्हने थो. मंग शिजवलं. थोडंसंच होतं. नातवाइले एक एक मूठ आली. तुमच्याइथं पेरलंच हाय, मले कायची चिंता?"

तिने कोपऱ्यातल्या मडक्यावरची थाळी काढली. "तुमच्यासाठी ठेवलं. म्हटलं, बाई येईनच."

थाळीत फिकट लाल भात होता, आदल्या दिवशीचा, वर मीठ-मिरची. पत्नी भिंतीशी बसली आणि जेवली. शेवटचे दाणे बोटाने गोळा केले. मला वाढलेलेही मी संपवले. थाळी खाली ठेवल्यावर तिने सांगितले. काय फवारले, कोणी, कधी. हे रोप आतून मरते आणि वरून हिरवे दिसते, हेही.

म्हातारीने पहिल्यांदा ऐकले ते तिला पटले नाही. "हिरवं हाय म्हनतं नं?"

"आज हिरवं आहे."

"मंग मेलं कसं?"

पत्नीने पुन्हा सांगितले. म्हातारी चुलीकडे पाहत राहिली.

"थो मानूस आंधळा हाय का?"

"नाही."

"मंग त्याले धान अन् गवत कळत नाई?"

"तिकडे धान नसतं, माय. कोणाच्याच वावरात."

"मंग खातात काय?"

"भाकर, पोळी. तांदूळ विकतचा."

म्हातारीने थाळी उचलून बाहेर नेऊन धुतली. परत आली तेव्हा तिच्या हातात काठी आणि पिशवी होती. "मी येतो," ती म्हणाली.

ओसरीत साल काढलेला सागाचा ओंडका पडला होता. एका बाजूला घोड्यावर बसलेला माणूस कोरून झाला होता, दुसरी बाजू कोरी. म्हातारी त्याला वळसा घालून गाडीत बसली. घाट उतरेपर्यंत ती एकदाच बोलली.

"त्याले सांगून बसलो मी. यंदा करतो म्हनून."

रविवारी सकाळी नाल्याच्या टोकाचे वाफे पिवळे पडलेले होते. आता शंकेला जागा नव्हती. पत्नी खाली बसली आणि तिने एका रोपाचे मधले पान दोन बोटांत धरून ओढले. ते लगेच निघाले. बूड तपकिरी होते, बोटांना कुजका वास आला. म्हातारीने शेजारचे ओढले. तेही निघाले. मग ती ओळीने ओढत गेली, भराभर, एकामागून एक. मावसभाऊ म्हणाला, "राहू द्या नं, माय." ती वाफ्याच्या टोकापर्यंत गेली, मगच थांबली. तिच्या मुठीत पाने होती.

मधल्या वाफ्यांतही तेच. काही रोपे पिवळी, काही अजून हिरवी. हिरव्यांतलेही पान निघत होते.

रस्त्याच्या टोकाचे वाफे हिरवे होते. म्हातारीच्या धानाच्या पाटीशी सगळे थांबले. पत्नी खाली बसली नाही. म्हातारीने एका रोपाच्या पानावर दोन बोटे ठेवली. ओढले नाही.

"आज नको," ती म्हणाली.

फवारणारा दुपारी मावसभावाच्या घरी आला. कोणीतरी त्याला सांगितले होते की बाई पोलीस केस करणार आहे. तो ओट्याखालीच उभा राहिला. म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"तूच का थो?"

"हो, माय."

"घरी बायको भात वाढते तं गवत म्हनून बैलाले टाकतो का?"

मावसभावाची बायको हसली. फवारणारा म्हणाला, "केस करू नका, बाई. हंगाम हाय." पत्नी म्हणाली की केस करायची नाही. तो तरी गेला नाही. जोडा हातात घेऊन उभा राहिला.

"धुतलं नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "भेव वाटलं म्हनून तसं बोललो. पंपात होतं थे पुऱ्या ताकदीचंच होतं."

म्हणजे जेथवर फवारा गेला तेथवरचे सगळे मेले होते. फवारा कोठवर गेला, एवढेच आता उरले. ते पाहायला थांबण्यावाचून उपाय नव्हता.

म्हातारी त्या घरी राहिली. सकाळी पत्नीबरोबर जाई, रस्त्याच्या टोकाला धुऱ्यावर बसे. सोमवारी पाऊस पडला तेव्हा दोघी गोणपाट डोक्यावर घेऊन तेथेच राहिल्या. मंगळवारी रस्त्याच्या टोकाच्या पहिल्या वाफ्याची कड पिवळी झाली. बुधवारी तो वाफा पूर्ण गेला आणि पुढच्या वाफ्यांत पिवळेपणा शिरला. तो रोज थोडा पुढे सरकताना दिसत होता. औषध सरकत नव्हते. ते आठवड्यापूर्वीच जेथे पडायचे तेथे पडले होते. दिसत मात्र तसे होते. म्हातारीच्या वाफ्याच्या अलीकडच्या ओळीही पिवळ्या झाल्या. ती उठून वाफ्याच्या पलीकडच्या कडेला जाऊन बसली.

मावसभावाने परतवाड्याला ओळखीच्या दुकानदाराला फोन लावून यावर उतारा विचारला. उतारा नाही, असे उत्तर आले. त्याने हे पत्नीला सांगितले नाही, मला सांगितले.

गुरुवारी पिवळेपणा वाढला नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारी सकाळी पत्नीने पलीकडच्या ओळींतल्या एका रोपाचे मधले पान धरले आणि ओढले. पान निघाले नाही. तिने अधिक जोर लावला. पान मधेच तुटले, बूड रोपातच राहिले. तुटलेले टोक पांढरट हिरवे होते. तिने ते म्हातारीच्या हातात दिले. म्हातारीने ते दातांत धरून चावले आणि थुंकले.

पंप म्हातारीच्या वाफ्याच्या मध्यावर संपला होता. रस्त्याकडच्या काही ओळी शिल्लक राहिल्या, आणि त्यापलीकडचा शेवटचा वाफा. बाकी वाणांचे बी मूळ घरांतून पुन्हा आणता येणार होते.

त्या ओळींभोवती मावसभावाच्या बायकोने जुन्या साड्या बांधल्या, रानडुकरांसाठी. म्हातारीला आम्ही घाटापलीकडे सोडून आलो. ऑगस्टमध्ये पावसाने मोठी ओढ दिली. तेव्हा पत्नी रोज मावसभावाला फोन करून एकच विचारी, पाने गुंडाळलीत का. दुपारी गुंडाळत, सकाळी उलगडत. सप्टेंबरात धान निसवले. काढणी दसऱ्याच्या आसपास झाली, म्हातारीने स्वतः विळ्याने केली. मळून, उफणून जे आले ते एका तांब्यात मावले. तेवढ्यात खांबाच्या दिवसाचा भात झाला असता किंवा पेरणी झाली असती. दोन्ही होण्याइतके ते नव्हते.

म्हातारीने तांब्या मांडीवर घेतला. मग निम्मे धान पळसाच्या पानांत बांधले आणि निम्मे माझ्या पत्नीपुढे सारले. खांबाबद्दल तिला कोणी विचारले नाही.

त्या वर्षीच्या पाहणीत या वाणाची नोंद झाली नाही. तीनपैकी अडीच वाफे गेलेले असताना उत्पन्नाचा आकडा धरता येत नाही.

यंदा जूनच्या अखेरीस ते दोन ठिकाणी पेरले गेले. एक मावसभावाच्या पट्ट्यात, रस्त्याच्या टोकाला. दुसरे म्हातारीच्या उतारावर, मुलाने सोडलेल्या कोपऱ्यात. दोन्हीकडे उगवले आहे. खांबाच्या दोन्ही बाजू कोरून झाल्या आहेत. तो तिच्या ओसरीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून आडवा ठेवलेला आहे.